पांढरी गादी

“गादी!”

“तीच तर नेतोय काका. जरा दम धरा.”

मामांनी गादीची पुढची दोन टोकं छातीशी कवटाळली होती आणि मागची बाजू फरशीवरून फरफटत येत होती. बाल्कनीचं दार अरुंद. गादी अर्धी बाहेर गेली आणि तिथंच अडकली. मामा पलीकडे, चाकाच्या खुर्चीतले काका अलीकडे आणि मध्ये ही गादी. तिच्यामागून काकांचा आवाज येतच होता, “गादी! गादी!” आणि दर वेळी ते खुर्चीच्या हातावर डावी मूठ आपटत होते. उजवा हात मांडीवर पडून होता. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तो तिथंच पडून असायचा.

मामांनी पाय रोवून एक हिसका दिला तशी गादी बाहेर आली आणि तिच्याबरोबर मामाही कठड्यापर्यंत गेले. “झालं बुवा,” ते स्वतःशीच म्हणाले. गादी उन्हात टाकून, घाम पुसत ते आत आले.

काका त्यांच्याकडे बघत होते. त्या नजरेत आभार तर नव्हतेच, उलट एखाद्या मठ्ठ माणसाला पाचव्यांदा समजावून सांगताना व्हावा तसा वैताग होता.

आता मामांचं तरी काय चुकलं? सगळं आयुष्य ज्याने गाद्या शिवल्या, त्याने गादी मागितली तर माणूस गादीच आणून देणार. काकांचं गाद्यांचं दुकान होतं. चौकापलीकडे, पुढे विक्री आणि मागे कारखाना. कारखाना म्हणजे एक मोठी खोली, चार माणसं आणि नाकातोंडात जाणारा कापूस. आता दुकान नव्हतं आणि काकांकडे शब्दही फारसे उरले नव्हते. झटक्याने जे काही पुसलं त्यातून आठ-दहा शब्द कसेबसे वाचले होते. पाणी, नको, ये, बस, असे. त्यात आता दहा दिवसांपासून हा ‘गादी’ आला होता.

पहिल्या दिवशी काका “गादी” म्हणाले, म्हणून मामांनी गादी उलटी केली. काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नंतर एकदा म्हणाले, “पांढरी.” मामांना वाटलं, हां, चौकड्यांची चादर पसंत नसेल. त्यांनी कपाट उपसून पांढरी स्वच्छ चादर शोधली, हॉस्पिटलात घालतात तशी ताणून घातली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांना वाटलं, आनंदाचंच असेल. मग “गरम” म्हणाले, तेव्हापासून गादी दुपारी उन्हात जाऊ लागली. आणि काल तर कहर झाला. काल काका एका दमात दोन शब्द बोलले, “कोपरे... भर.” मामांनी मुकाट्याने गादीची शिवण उसवली, औषधाच्या कपाटातला कापसाचा गुंडाळा काढून चारही कोपऱ्यांत कोंबला आणि जाड दोऱ्याने टाके घातले. ते टाके बघून काकांनी जो चेहरा केला, त्यावरून एवढं नक्की झालं की कारागीर म्हणून मामा नापास आहेत.

बाकी कामात मात्र मामांचा हात धरणारा मिळाला नसता. तीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली होती. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, अंग पुसताना लाज कशी राखायची, कोणत्या हाकेला धावायचं आणि कोणत्या हाकेला नुसतं “आलो” म्हणायचं, हे त्यांना पाठ होतं. वॉर्डात सगळे त्यांना मामाच म्हणायचे, डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी कागदावर बघून त्यांचं खरं नाव घेतलं, तेव्हा मागच्या रांगेत दोघंजण एकमेकांना विचारत होते की हे कोण.

वॉर्डातलं एक काम मात्र मामा घरी कधी सांगत नसत. नाकात नळी घातलेला रुग्ण, विशेषतः म्हातारा आणि भान हरपलेला, ती नळी उपटतो. हात मोकळा मिळाला की पहिलं तेच करतो. मग सिस्टर म्हणतात, “मामा, हात बांधा.” मामा बांधायचे. पट्टीची त्यांची एक गाठ होती. ओढली तर सुटत नाही, पण रक्तही अडत नाही. नवीन पोरं ती शिकायला यायची. मनगटाला काच बसू नये म्हणून मामा पट्टीखाली कापसाची जाड घडी ठेवायचे. तसा नियम नव्हता, ते आपले ठेवायचे.

काकांचा हात त्यांनीच बांधला होता. झटका आला तेव्हा काका त्याच वॉर्डात होते आणि मामांचा तिथला शेवटचा महिना चालला होता. उजवा हात आपोआपच गप्प झालेला. उरला तो डावा, आणि त्याने दोनदा नळी उपटली. मामांनी तो खाटेच्या कठड्याला बांधला. काकांनी बोटं वाकवून पट्टीखालचा कापूस चिमटीत धरला, चोळून बघितला, अन् मग मान वर करून मामांकडे नुसतं बघत राहिले. आठ दिवस तो हात तसा होता. रोज मामा पट्टी बदलायचे आणि रोज काका बघायचे. ओरडले असते तर मामांना बरं वाटलं असतं.

काकांची मुलगी हे सगळं बघत होती. घरी न्यायची वेळ आली तेव्हा ती मामांकडे आली नि म्हणाली, “तुम्ही याल का आमच्याकडे? दिवसभरासाठी? तुम्ही खाली कापूस ठेवत होतात ते मी बघितलंय.” म्हणून मामा इथे आले. तिला ते ताई म्हणत. ती वयाने त्यांच्या मुलीएवढी, पण घर तिचं होतं आणि मामांना तशीच सवय होती.

तर आता पुन्हा तेच समोर येऊन उभं राहिलं होतं. काका जेवत नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सगळं मिक्सरमधून काढून द्या, घट्ट काही अडकलं तर जिवावर बेतेल. मामा तसंच देत होते. पण मिक्सरमधून निघालेल्या वस्तूला ना रंग ना रूप. ती कालची की आजची, गाजर की बटाटा, हे करणाऱ्यालाही सांगता येऊ नये. पहिले पाच महिने काकांनी ते सोसलं. मग चार चमचे, मग दोन, आणि आता चमचा दिसला की ओठ शिवल्यासारखे मिटायचे. मंगळवारी वजन झालं ते पंचेचाळीस किलो. डॉक्टर काट्याकडे बघत म्हणाले, “पुढच्या मंगळवारी याच्या खाली आलं तर मात्र परत नळी घालू या. घरीच घालता येते. तुमच्याकडे अनुभवी माणूस आहेच.”

अनुभवी माणूस दाराशी उभा होता. त्याने खाली बघितलं.

आज शनिवार होता. संध्याकाळी सातला ताई आल्या. त्या चष्म्याच्या दुकानात होत्या, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून बघून त्यांचेच डोळे लाल झालेले असत. पर्स खाली ठेवत त्यांनी रोजचा प्रश्न विचारला, “काही गेलं पोटात?”

“दीड चमचा.” मामा दोन म्हणणार होते, पण त्यांच्याच्याने खोटं बोलवेना. “पाणी घेतलं बरंच.”

 ताई चपला काढता काढता दाराशी असलेल्या स्टुलावर तशाच बसून राहिल्या. त्या इतक्या गप्प बसल्या की मामांना काहीतरी हलकंफुलकं बोलावंसं वाटलं.

“काकांना दुकान फार आठवतंय सध्या,” ते म्हणाले. “दिवसभर आपलं गादी, गादी. मी तर दमलो हो ताई. उलटी केली, सुलटी केली, उन्हात घातली. काल म्हणाले कोपरे भर, तर कोपरेही भरले.”

ताईंनी मान वर केली. “काय म्हणाला बाबा?”

“कोपरे भर.”

“अजून काय म्हणतो?”

“पांढरी म्हणतात. गरम म्हणतात. मी पांढरी चादर...”

“मामा,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी हातातली चप्पल तशीच मांडीवर ठेवली. “मामा, ती गादी झोपायची नाही. जेवायची आहे.”

मामांना काही कळेना.

“आईचा लझानिया, पिठाच्या पट्ट्यांचे थर लावून भाजतात तो. आमच्याकडे त्याला गादीच म्हणतात. आईने पहिल्यांदा केला तेव्हा बाबा शेजारी उभा राहून बघत होता. खाली पट्टी, मध्ये भरण, वर पट्टी, परत भरण. म्हणाला, अगं ही तर गादीच आहे! तेव्हापासून गादी. टोमॅटोची ती लाल गादी आणि चिकनची, दुधाच्या सॉसमधली ती पांढरी. दर रविवारी हा विचारायचा, आज कुठली गादी? आणि आई थर लावायला लागली की हा तिथे जाऊन उभा. कोपरे भर, कोपरे भर. कोपरे रिकामे राहिले तर गादी बसते, म्हणायचा. आई वैतागायची नुसती.”

हे सांगताना त्या हसत होत्या. मग एकदम थांबल्या.

“किती दिवस झाले म्हणालात?”

“दहा.”

“दहा दिवस,” ताई म्हणाल्या. “दहा दिवस माझा बाप जेवायला मागतोय. नाव घेऊन मागतोय. आणि आपण त्याची गादी उन्हात घालतोय.”

मामांनी कपाळाला हात लावला. पांढरी चादर बघून काकांच्या डोळ्यांत आलेलं पाणी त्यांना आठवलं. तीस वर्षांत त्यांनी कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं.

“तुमचा काय दोष,” ताई म्हणाल्या. “घरातला शब्द. बाहेरच्याला कसा कळणार? मी येते तोवर तो दमून झोपलेला असतो, गेला रविवारही झोपूनच काढला त्याने. आणि मलाच माझ्या कामातून...” आणि मग त्यांनी ती चप्पल समोरच्या भिंतीवर फेकून मारली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मामांची सुट्टी असायची, पण ते आले. घरी बायको म्हणाली, “जन्मात कधी चहा टाकला नाही आणि आता लोकांकडे परदेशी पदार्थ करायला निघालात?” मामा म्हणाले, “मी नाही करत, मी नुसता हाताखाली.” आणि पायात चपला सरकवून निघाले.

ताईंनी सकाळीच सामान आणून ओट्यावर मांडलं होतं. कोंबडी, दूध, बटर, मैदा, चीज आणि लझानियाच्या पट्ट्यांचं खोकं. पण करायचं कसं, इथेच गाडं अडलं होतं. आईने काही लिहून ठेवलं नव्हतं. ताईंनी शेकडो वेळा बघितलं होतं, हजार वेळा खाल्लं होतं, केलं मात्र एकदाही नव्हतं. “ती असताना कोण कशाला करेल?” त्या म्हणाल्या. फोनवर बघितलं तर दहा बायकांच्या दहा तऱ्हा.

कोंबडी शिजवणं सोपं होतं. कांदा, मिरे, तमालपत्र टाकून ती मंद आचेवर तासभर ठेवली. मामांनी हाडं काढली. हाडं काढायला त्यांनी इतका वेळ घेतला की ताईंनी दोनदा येऊन बघितलं. हाडाची एक बारीकशी कणी, एक कूर्चा राहता कामा नये. बोटांनी चाचपून, उजेडात धरून, त्यांनी सगळं मांस तंतू तंतू करून ठेवलं.

सॉसने मात्र दगा दिला. ताईंनी बटरमध्ये मैदा परतला, तो छान खमंग झाला, आणि मग घाईघाईत सगळं गार दूध एकदम ओतलं. क्षणात भांड्यात गुठळ्याच गुठळ्या. त्या ढवळत राहिल्या तशा गुठळ्या आणखी आवळून बसल्या. ताईंनी चमचा ओट्यावर आदळला.

“नाही जमणार मला. आईला हाक मारून विचारावंसं वाटतंय, काय करू? तीन वर्षं झाली आणि अजून तोंडात हाक येते.”

“गाळणी कुठाय?” मामांनी विचारलं.

“गाळून काय होणार?”

“वॉर्डात सूप असंच यायचं. द्या तर.”

मामांनी गुठळ्या गाळणीवर घेऊन चमच्याने दाबत दाबत सगळा सॉस उतरवला, पुन्हा आचेवर ठेवला आणि ताईंना कोमट दूध थोडं थोडं घालायला सांगितलं. लसूण पडला, जायफळ किसून पडलं, मूठभर चीज पडलं. हळूहळू सॉस जमून आला. पांढरा, मऊ, चमच्याच्या पाठीला धरून राहणारा. ताईंनी चाखून बघितला नि आणखी चमचाभर घेतला. मग म्हणाल्या, “चव आलीय जवळपास.”

आता खरा प्रश्न होता तो घट्टपणाचा. गादी नीट उभी राहायची तर सॉस दाट हवा, आणि काकांच्या घशाखाली उतरायची तर पातळ. “अडकलं तर, मामा?” ताईंनी हळूच विचारलं. मामांनी जे होतं ते सांगितलं. “अडकू शकतं. मी समोर बसतो. काय करायचं ते मला येतं. पण अडकणारच नाही असं मी म्हणणार नाही.” त्यांनी चिकन मिक्सरमध्ये एकदाच फिरवून घेतलं, लगदा होऊ न देता. पट्ट्या खोक्यावर लिहिल्यापेक्षा पाच मिनिटं जास्त उकळल्या. सॉस थोडा सैल ठेवला.

मग मामा काकांची खुर्ची स्वयंपाकघरात घेऊन आले आणि टेबलाला लावून चाकं अडकवली.

काका कुठेही बघत नव्हते. ताईंनी काचेचं चौकोनी भांडं टेबलावर ठेवलं, तळाला सॉस पसरला, त्यावर पट्ट्या मांडल्या. “बाबा, बघ. गादी,” त्या म्हणाल्या. काकांची नजर भांड्यावरून गेली आणि खिडकीकडे वळली. ताईंनी चिकन पसरलं, सॉस ओतला, दुसरा थर लावायला घेतला. पट्ट्या बोटभर अपुऱ्या पडत होत्या, त्यांनी तशाच मधोमध ठेवल्या.

“कोपरे,” काका म्हणाले.

ताईंचे हात थांबले. काकांचा डावा हात टेबलावर आला होता. तो भांड्याच्या काठावर गेला, अंगठ्याने त्याने पट्टी बाजूला सारली आणि खालचं भरण कोपऱ्याकडे दाबत नेलं. सुईच्या मागच्या टोकाने घट्टे पडलेला तो अंगठा. एक कोपरा झाला, मग दुसरा. तिसऱ्याला हात पोचेना, तर त्यांनी भांड्यावर दोनदा टकटक केलं, तशी मामांनी भांडं फिरवून दिलं. चारही कोपरे भरल्यावर काकांनी तळहात सगळ्या थरावरून अलगद फिरवला, कुठे उंच आहे, कुठे खोल. एके ठिकाणी थांबले. “इथे,” ते म्हणाले. हा शब्द नवा होता. ताईंनी तिथे चमचाभर चिकन घातलं.

मामा नुसते बघत राहिले. सहा महिने त्यांनी या हाताची नखं कापली, तो धुतला, त्याला तेल लावलं. तो एवढं काम करू शकतो हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. आठ दिवस कठड्याला बांधलेला हाच हात होता, आणि मंगळवारी पुन्हा तोच बांधायचा होता.

तीन थर झाले. वर चीज पडलं, भांडं ओव्हनमध्ये गेलं. पाऊण तासाने घरभर वास सुटला तेव्हा शेजारच्या घरातलं कुणीतरी कसलंतरी निमित्त काढून दारावरून दोनदा गेलं. भांडं बाहेर काढल्यावर वीस मिनिटं हात लावायचा नाही, हे ताईंना पक्कं आठवत होतं. गरम कापली तर गादी फिसकटते.

दोनच्या सुमाराला ताईंनी तीन प्लेट वाढल्या. काकांचा चौकोन छान उभा राहिला होता, थरावर थर, कडा सरळ. मामांनी त्यातला बोटाच्या पेराएवढा तुकडा सॉसमध्ये कालवून मऊ केला आणि अर्धा चमचा भरला.

काकांनी प्लेटीकडे बघितलं. त्यांच्या ओठांच्या कडेने लाळ आली. मामांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चमचा पुढे केला.

काकांनी ओठ मिटले.

“बाबा, अरे गादी आहे. पांढरी. तूच केलीस ना आत्ता?”

काका बघत होते ते ताईंच्या पलीकडे, शेगडीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे. “ये,” ते म्हणाले. मग, “बस.”

“मी आहे ना बाबा. ही काय, इथेच बसलेय.”

त्यांनी मान हलवली. चिडून नाही, समजावून सांगावं तशी. “ती,” ते म्हणाले. “बस.”

ताईंचा चेहरा उतरला. खालच्या आवाजात त्या मामांना म्हणाल्या, “आई त्या खुर्चीत बसायची. सगळ्यांना वाढून शेवटी. ती बसल्याशिवाय याने कधी घास तोंडात घातला नाही. सगळं गार होऊ दे, पण नाही. मग ती तिथून ओरडायची, घ्या हो आता, आणि मग हा सुरू.”

मामांनी चमचा खाली ठेवला. त्यांच्या डोक्यात जे आलं होतं ते सांगू नये असं त्यांना वाटत होतं. वॉर्डात त्यांनी हे अनेकदा केलं होतं. मुलगा बाहेर बसलाय, चहा प्यायला गेलाय, आत्ता येईल, आधी गोळी घ्या. म्हातारी माणसं गोळी घ्यायची. पण ते खोटं मामांचं एकट्याचं असे. संध्याकाळी अंघोळ केली की निघून जाई.

“ताई,” ते म्हणाले, “तुम्ही बसा तिथे.”

ताईंना लगेच कळलं. “नाही,” त्या म्हणाल्या. “नाही मामा. आई गेलीय हे त्याला माहीत आहे. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेलीय ती.”

“कधी माहीत असतं, कधी नसतं. आज नाहीये.”

“उद्या आठवलं म्हणजे?”

“उद्याचं उद्या बघू. आज जेवू दे त्यांना.” आणि मग, सांगू नये ते मामांनी सांगून टाकलं. “मंगळवारी नळी घातली तर हात मलाच बांधायचाय ताई. मला नाही बांधवणार आता तो.”

प्लेटमधली वाफ कमी होत चालली होती. ताई उठल्या. त्या जाऊन शेगडीजवळच्या खुर्चीत बसल्या, आपली प्लेट त्यांनी तिकडे ओढून घेतली. “बाबा, घे,” त्या म्हणाल्या. काका वळले नाहीत. “घ्या,” त्या म्हणाल्या. काका दाराकडे बघत होते, अजून कोणी यायचं बाकी असल्यासारखे.

“लहानपणी मी एकदा आईची नक्कल केली होती,” ताई टेबलाकडे बघत म्हणाल्या. कोणाला सांगत होत्या कोण जाणे. “तिच्यासारखी हाक मारली बाबाला. सगळे हसले. आईने मात्र पाठीत धपाटा घातला. म्हणाली, बापाला असं म्हणतात का कधी!”

मग त्यांनी श्वास घेतला.

“अहो,” ताई म्हणाल्या.

आवाज त्यांचा नव्हता. आईचा तरी होता की नाही, मामांना सांगता आलं नसतं, त्यांनी ती बाई कधी ऐकलीच नव्हती. पण काका वळले. त्यांनी त्या खुर्चीकडे बघितलं, तिथे बसलेल्या बाईकडे बघितलं, आणि तोंडाची जी अर्धी बाजू हलत होती ती हसली.

“अहो, घ्या आता. गार होतंय.”

काकांनी तोंड उघडलं. मामांनी अर्धा चमचा आत ठेवला, हनुवटी दोन बोटांनी हलकेच खाली दाबली आणि घशाकडे डोळे लावून बसले. घशाची घाटी वर गेली, थांबली, खाली आली. मामांनी दुसरा चमचा भरला. तिसऱ्याला ठसका लागला. ताई अर्ध्या उठल्या, मामांनी डोळ्यांनीच त्यांना बसवलं. ठसका सुटला. काकांनी पुन्हा तोंड उघडलं.

सात, आठ, नऊ. तुकडा संपला, मामांनी दुसरा कालवला. काका जेवत होते आणि दर घासाला त्या खुर्चीकडे बघत होते, ती उठून तर गेली नाही ना म्हणून. ताई ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर. हलल्या तर मोडेल असं त्यांना वाटत असावं. मामांनी तीस वर्षांत कितीतरी जणांना जखडलं होतं, पण इतक्या मुकाट्याने कोणी बसलं नव्हतं, आणि या वेळी काच बसू नये म्हणून खाली ठेवायला त्यांच्याकडे कापूसही नव्हता. त्यांना स्वतःची शरम वाटली. तरीही त्यांनी पुढचा चमचा भरला.

काकांनी मध्येच हात वर केला. तोंडातला घास गिळला, नीट गिळला, आणि काहीतरी शोधत राहिले. शब्द सापडायला बराच वेळ लागला.

“पोर,” ते खुर्चीकडे बघत म्हणाले. “पोर... जेवली?”

ताईंच्या प्लेटमधला चौकोन तसाच होता. त्याच्या वरचं चीज सुकून पिवळं पडलं होतं. मामांनी मान खाली घातली.

“जेवली हो,” ताई म्हणाल्या. “मघाशीच जेवली. खेळायला गेलीय. तुम्ही जेवा.”

काकांचं समाधान झालं. त्यांनी मामांकडे वळून तोंड उघडलं.